कास पठार, डोंबिवली पूर्व

आमच्या दारातलं लॉन मी मारलं, आणि तेही त्याची काही एक चूक नसताना.

चांगलं हिरवंगार लॉन होतं ते. मानपाड्याच्या बाजूला आमची रो हाऊसची गल्ली आहे आणि प्रत्येक घरापुढे अंगणाचा एकेक तुकडा. बाकीच्यांनी त्या तुकड्यावर फरशी घालून गाड्या लावल्या, आमच्या ह्यांनी लॉन लावलं. हे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात आयुष्यभर यंत्रांची देखभाल करून निवृत्त झाले. पुढे देखभालीला घरी काहीतरी हवंच होतं. दर रविवारी सकाळी गवत कापायचं यंत्र बाहेर यायचं. आधी यंत्राला तेल, मग कापणी, मग गुडघ्यांवर बसून कात्रीने कडा सारख्या करणं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलेलं मला आठवत नाही! (तरी स्पष्ट सांगते, लॉन मारलं ते मत्सराने नाही.)

मारलं ते मुक्तासाठी. मुक्ता आमची एकुलती एक मुलगी, ठाण्याला दिलेली. दर वर्षी मैत्रिणींबरोबर कास पठारावर फुलं बघायला जायची. यंदा गोड बातमी आली आणि पाठोपाठ डॉक्टरांनी तिला अंथरुणावर झोपवून ठेवलं. उठायचं नाही, जिना नाही, प्रवास तर नाहीच. भिंतीकडे बघून बघून पोर कंटाळून गेली. एक दिवस फोनवर रडायलाच लागली.

"आई, यंदा माझं कास राहणार गं."

"रडतेस काय त्यात? तुझं डोहाळजेवण मी कासवर करते!"

"आई, मला प्रवास नाही करायचा."

"तू कशाला करतेस? कास मी इथे आणते. आपल्या अंगणात. डोहाळजेवणापुरतं ठाण्याहून इथवर डॉक्टर सोडतील तुला. तू नुसती झोपाळ्यावर बसायचंस आणि चारी बाजूंनी रानफुलं. मग तर झालं?"

पलीकडे रडणं थांबलं. "खरंच आणशील?" तिने इतक्या बारीक आवाजात विचारलं की मी तिथल्या तिथे शब्द देऊन बसले. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. मला येत नाही असं काही असेल, असं मला तोवर वाटलेलं नव्हतं.

मुक्ताने ही बातमी लगेच सासूबाईंना सांगितली. आमच्या विहीणबाई म्हणजे बागेच्या वेड्या. ठाण्याच्या गच्चीत त्यांच्या एवढ्या कुंड्या आहेत की वाळत घातलेले कपडे आडवे होऊन काढावे लागतात. त्यांचा मला फोन. "विहीणबाई, मुक्ता सांगते तुम्ही रानफुलांचं अंगण करताय! सगळं नैसर्गिक! मी तर तुमचं अंगण बघायलाच येणार." म्हणजे आता माघार नाही. पोरीने आईची बढाई मारली होती आणि ती खरी करून दाखवणं माझ्याकडे आलं होतं.

राहता राहिले हे.

"लॉन काढायचं?" ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "का? त्याने काय केलंय?"

"काही करत नाही हाच तर प्रश्न आहे. ना फूल, ना फुलपाखरू. नुसतं पाणी पितं."

"पाणी तर मीही पितो."

"अहो, मुलीसाठी आहे!"

 "मग मी रविवारी काय करू?" एवढंच ते पुटपुटले. मी म्हटलं, "फुलं बघा."

लॉन कसं मारायचं हे मी फोनवर बघून ठेवलेलं. उपटायचं नाही, वर पुठ्ठे अंथरायचे, ते भिजवायचे आणि त्यावर माती टाकायची. उन्हाशिवाय गवत आपोआप मरतं. वाण्याकडून मी बिस्किटांची, साबणांची खोकी आणली आणि फाडून अंगणभर पसरली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मोरे वहिनी फाटकाशी हजर.

"बाई, घर बदलताय? आम्हाला बोललात पण नाही!"

"घर नाही हो, लॉन झाकतेय."

"थंडी वाजते त्याला?" (भर वैशाखात!)

मोरे वहिनी चिपळूणकडच्या. आमच्या गल्लीतली बहुतेक घरं कोकणातलीच. आम्ही तेवढे बार्शीकडचे. हे आत्ता नुसतं सांगून ठेवते. मला तेव्हा त्याचं काही महत्त्व वाटलं नव्हतं.

पाऊस स्थिरावल्यावर आम्ही गाडी काढून खडवलीला गेलो. तिथे रस्त्याच्या कडेने तेरडा, कुर्डू, टाकळा, सोनकी यांची कोवळी रोपं मातलेली असतात. मी खुरपं घेऊन बसले, हे पोती धरून उभे. पोती धरताना चेहरा असा की जणू कोणी ओळखीचं भेटलं तर काय सांगायचं याची तयारी चाललीय. शेताच्या मालकाने बांधावरून विचारलं, "काय नेतांव, वयनी?"

"रानफुलं. अंगणात लावायला."

त्याने आधी माझ्याकडे आणि मग जरा जास्त वेळ ह्यांच्याकडे बघितलं. "मंग सगलाच न्या ना! माझ्या बांधावरचा पन न्या. मजुरी वाचंल माझी." आम्ही त्याचं पुष्कळसं तण काढून दिलं. गाडीला महिनाभर चिखलाचा वास येत होता.

रोपांनी जीव धरला आणि बघता बघता अंगण गुडघाभर झालं. मला त्यात कास दिसत होतं. बाकीच्यांना काय दिसत होतं ते हळूहळू कानावर यायला लागलं. कुणी म्हणालं, निकम बाईंची (म्हणजे माझी!) तब्येत बरी नाही वाटतं. कुणी म्हणालं, माळी सोडून गेला. डासांची तक्रार आली, सापांची शंका आली. आणि ह्याच सुमारास एका रविवारी सकाळी मला ओळखीचा घरघराट ऐकू आला. धावत बाहेर आले तर हे गवत कापायचं यंत्र घेऊन अर्धा कोपरा साफ करून मोकळे!

"अहो!"

"हात आपोआप गेला गं," हे म्हणाले. चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला पुढे ओरडवेना. मी यंत्र माळ्यावर टाकलं. कोपऱ्यात पुन्हा रोपं लावली.

मग मोरे वहिनींना टाकळा दिसला.

"अगंबाई! टाकळा! आणि किती कोवळा! बाई, भाजीपुरता नेऊ?"

आता पालेभाजीला नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, न्या. संध्याकाळी त्यांच्याकडून वाटीभर भाजी आली, वर ओलं खोबरं. सांगायला राग येतो, पण भाजी उत्तम झालेली! दुसऱ्या दिवशी वाटी परत करायची. ती रिकामी कशी द्यायची? घरात धड काही नव्हतं, म्हणून मी अंगणातला थोडा कुर्डू खुडून त्याची भाजी केली आणि वाटी भरून पाठवली. त्यांनी ती चाखून पलीकडच्या घरी सांगितलं. पलीकडच्या घरून वाटी आली. तीही रिकामी परत देता येईना. दहा-पंधरा दिवसांत माझं कास वाट्या-वाट्यांतून अख्ख्या गल्लीने खाल्लं, आणि त्यातला मोठा वाटा मी स्वतः फोडणीला टाकला होता!

"चवीला बरं आहे तुझं पठार," हे जेवताना म्हणाले. मी ताट त्यांच्यासमोरून उचलणार होते.

तेवढ्यात श्रावण लागला. मंगळागौरीची पत्री हवी. कुणाच्या सुनेची पहिली मंगळागौर, कुणाच्या भाचीची. शहरात पत्री मिळते कुठे? निकम बाईंच्या अंगणात! पाठोपाठ हरतालिका, मग गणपतीची पत्री. पहाटे उठून बघावं तर कोणीतरी वाकलेलं. शेवटी मी पाटी लावली: ‘कृपया फुले तोडू नयेत.’ तर पाटीच्याच खाली बसून दोघीजणी शांतपणे पानं खुडत होत्या.

"अहो, पाटी वाचता येत नाही का?"

"फुलं कुठे तोडतोय, बाई? एकाही फुलाला हात लावला नाही. पत्री नेतोय नुसती." वर मलाच समजावलं, "देवाचं काम आहे."

देवाचं काम म्हटल्यावर माझं तोंड बंद. विज्ञान शिकवलं असलं तरी मंगळागौरीला मोडता घालण्याइतकं नाही शिकवलेलं.

सुदैवाने तेरडा वाचला. त्याची भाजी करत नाहीत, त्यामुळे त्याला कोणी शिवलं नव्हतं. गणपती बसले आणि इकडे तेरडा असा फुलला की पाहत राहावं! सगळं अंगण गुलाबी. मी फाटकाला कुलूप लावलं, चारी बाजूंनी फोटो काढले आणि मुक्ताला पाठवले. तिचा लगेच फोन. नुसती हुंदके देत होती. मग म्हणाली, "आई, तू खरंच आणलंस. सासूबाई फोटो सगळ्यांना दाखवतायत."

डोहाळजेवण पितृपक्षाच्या आत करायचं म्हणून गौरी गेल्यानंतरचा रविवार ठरला होता, आणि तेवढ्या दिवसापुरती गाडीने यायला डॉक्टरांनी मुक्ताला परवानगीही दिली होती. आता फक्त ते चार दिवस ढकलायचे होते. मोरे वहिनीसुद्धा रोज फाटकाशी थांबून तेरड्याकडे बघत हात जोडायच्या. "देवीच आली हो बाई तुमच्या दारात!" मला वाटायचं, कौतुक करतायत.

गौरी आणायच्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीत आमच्या गौरींना साड्या नेसवत होते. आमच्या बार्शीकडे गौरी म्हणजे पितळी मुखवटे. त्यांना उभं करायचं, नेसवायचं, दागिने घालायचे. हाताशी असाव्यात म्हणून चार टाचण्या ओठांत धरलेल्या. बाहेर घंटेचा आवाज आला. वाटलं, कोणाची तरी गौर चाललीय. चालली होती खरी, पण माझ्याच फाटकातून! (कुलूप ह्यांनी दूधवाल्यासाठी काढलेलं.) मोरे वहिनी आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या कोकणातल्या बायका भरजरी साड्या नेसून माझ्या अंगणात उभ्या. तेरड्याच्या बुडख्यांना हळदकुंकू लावलेलं. आणि एकेक रोप मुळासकट उपटून सुपात चाललेलं.

कारण कोकणात गौर मुखवट्याची नसते. कोकणात गौर तेरड्याची असते! ज्या गल्लीत सगळी घरं कोकणातली, तिथे भाद्रपदात फुलेल असा तेरडा मी हौसेने लावला होता, खतपाणी घातलं होतं.

मी धावत बाहेर गेले. "ऊं! ऊं ऊं!" ओठांत टाचण्या! त्या काढून ओरडले, "थांबा! अहो वहिनी, थांबा! माझ्या मुक्ताचं डोहाळजेवण आहे!"

कोणी थांबेना, कोणी बोलेना. कशा बोलणार? त्यांच्या गावच्या रीतीप्रमाणे गौर घरी नेईपर्यंत तोंडात पाण्याची गुळणी धरायची आणि मागे वळून बघायचं नाही. मोरे वहिनींनी फुगलेल्या गालांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे प्रेमाने मिटून उघडले आणि सूप डोक्यावर घेऊन निघाल्या. त्यांच्या मागे बाकीच्या, एका ओळीत. मी पाठोपाठ ओरडतेय आणि समोर नुसत्या अंबाड्यांची रांग! पुढे होऊन एखादं सूप तरी धरावं, तर त्यात कुंकू लावलेली गौर. तिला हिसकावून घ्यायची माझी काय छाती!

"गल्लीत एवढ्या बायका एकत्र आणि एवढी शांतता मी पहिल्यांदा पाहिली," हे पायरीवरून म्हणाले. मी ह्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

गौर बसवून, गुळणी टाकून मोरे वहिनी परत आल्या. हातात घावनांची ताटली.

"बाई, रागावलात? तुम्हीच तर न्या म्हणालेलात!"

"मी? कधी?"

"श्रावणात. मी म्हटलं नाही का, वा, काय तेरडा आलाय! तर तुम्ही म्हणालात, तुमचाच आहे की. मग मी सगळ्यांना सांगितलं. पूर्वी नाल्याकाठी मिळायचा, आता तिथे काँक्रीट झालं ना. यंदा तुमच्यामुळे सगळ्यांच्या घरी खरी गौर बसली!"

म्हणाले असेन. आल्यागेल्याला आपण असं म्हणतोच. मी घावनांची ताटली घेतली आणि फाटकातून आत वळले. अंगणात ठिकठिकाणी मुळं उपटलेले खड्डे, खड्ड्यांत पाणी, आणि काही खड्ड्यांतून चक्क पुठ्ठा वर आलेला. एका पुठ्ठ्यावर अजून बिस्किटाच्या पुड्याचं चित्र दिसत होतं. मला रडू आलं. फुलांसाठी नाही. त्या पोरीने इतके महिने छताकडे बघत काढले होते, आणि तिला मी हे दाखवणार होते!

रविवारपर्यंतचे दिवस मी नर्सऱ्या पालथ्या घातल्या. झेंडूसुद्धा गणपतींनी नेलेला. डेकोरेशनवाले फोन उचलत नव्हते. मुक्ता रोज विचारायची, "आई, फुलं टिकलीत ना?" मी म्हणायचे, "तू ये तर खरी."

शनिवारी ह्यांनी तोंड उघडलं. "माझ्या कारखान्यातल्या एका मित्राच्या मुलाचं बॉक्स क्रिकेटचं टर्फ आहे, इथेच मानपाड्याला. त्यांनी नवीन गवत घातलंय. जुनं गुंडाळून पडलंय."

"कसलं गवत?"

"हिरवं."

"प्लास्टिकचं? माझ्या अंगणात?"

 ह्यांनी फक्त खड्ड्यांकडे बघितलं. मीही बघितलं आणि म्हटलं, "आणा."

गवत अंगणात बरोब्बर बसलं. फक्त मधून एक पांढरी रेघ जात होती, फलंदाज उभा राहतो ती. आणि एक कोपरा गोलंदाजांनी पाय घासून घासून टक्कल पाडलेला. रेघेवर आम्ही झोपाळा ठेवला, पण रेघ झोपाळ्यापेक्षा लांब निघाली.

रविवारी मुक्ता आली. हिरवी साडी, फुलांचे दागिने, चेहरा उजळलेला. फाटकातून आत आली आणि थबकली. चपला काढून एक पाऊल गवतावर टाकलं. बोटं आत घेतली. माझ्याकडे बघितलं.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "हे प्लास्टिक आहे ना?"

मी मान हलवली. तिचे डोळे भरून आले, आणि मी काही बोलणार तेवढ्यात ती हसायला लागली. पोट धरून, झोपाळ्याची साखळी पकडून हसली. "बाई गं, दुखतंय," म्हणत पुन्हा हसली. मग एकदम गंभीर झाली. "सासूबाईंना कळू देऊ नकोस हं. मी त्यांना इतकं काही सांगितलंय तुझ्याबद्दल! प्लीज, आई."

विहीणबाई मागोमाग आल्याच. "फुलं कुठे हो?"

"गौरीला दिली," मी म्हटलं. "सगळी."

"सगळी? अख्ख्या गल्लीला? धन्य आहे तुमची!" त्यांनी मला मिठीच मारली. मग खाली बघितलं. "आणि एवढ्यात लॉनही लावलंत?"

"खाली होतंच ते," हे म्हणाले. "फुलांमुळे दिसत नव्हतं."

"बघा, निसर्ग! आणि ही पांढरी रेघ?"

"चुना. मुंग्यांसाठी." आयुष्यभर सरळमार्गी राहिलेला हा माणूस डोळ्याची पापणी न हलवता बोलत होता.

डोहाळजेवण छान झालं. गाणी झाली, ओटी भरली, मोरे वहिनींनी उखाणे घेतले. पाहुणे पांगले. पण विहीणबाई जाईनात. बागेच्या माणसाला संध्याकाळी अंगणात बरं वाटतं. खुर्ची टाकून बसल्या आणि गवताकडे मायेने बघत राहिल्या.

"विहीणबाई, पाऊस उघडलाय दोन दिवस. सगळ्या घाईत गवताला पाणी घालायचं राहिलं असेल ना तुमचं?"

मी मुक्ताकडे बघितलं. सासूच्या पाठीमागे उभं राहून तिने माझ्यापुढे हात जोडले. तोवर ह्यांनी नळाला पाइप लावून टोक माझ्या हातात दिलंसुद्धा. (एरवी दही आणायला सांगितलं तर तीनदा आठवण करावी लागते!) पाणी सुरू झालं. मी पाइप धरून उभी राहिले आणि क्रिकेटच्या टर्फला पाणी घालायला लागले. ते आत मुरेना, वरच तळं साचलं.

"भरपूर झालं की असं वर राहतं," विहीणबाईंनी मला समजावलं. मग खुर्चीतूनच बोट दाखवलं. "तो कोपरा बघा. तिथे वाढ अगदी खुंटलीय. तिथे जरा जास्त घाला."

"हो ना," मी म्हटलं, "तिथे खतच कमी पडलं," आणि पाइप त्या कोपऱ्यावर धरला.